हाच लॉट बाजूला ठेवा

विणकाम संपत आलं आहे असं मला वाटत नाही. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत बायकांनी क्रोशानं विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि ते गिनीज बुकात गेलं. लोकलच्या बायकांच्या डब्यात अजून सुई चालताना दिसते. विणणारे हात आहेत, नवे येतायत. जातंय ते लोकरीचं दुकान. तुळशीबागेच्या आसपासचं, गिरगावातलं, नाशिकच्या मेन रोडजवळच्या बोळातलं, नागपूरच्या महालातलं. दहा बाय बाराचा गाळा, जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर गुंडे, वरचा माल काढायला लाकडी शिडी, गल्ल्यावर काका आणि दुपारी त्यांच्या जागी काकू. असं एक शटर कायमचं खाली आलं की थोड्या दिवसांत तिथे मोबाइलची कव्हरं लागतात. त्या दुकानाबरोबर आणखी काय काय गेलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते इथे लिहून ठेवते.

*

लॉट.

एका वेळी एका रंगात काढलेली लोकर म्हणजे एक लॉट. लेबलवर दोन आकडे असतात, एक रंगाचा आणि एक लॉटचा. रंगाचा आकडा तोच, पण लॉट वेगळा असला, तर गुंडे शेजारी ठेवूनही फरक कळत नाही. स्वेटर अंगात घातल्यावर कळतो. छातीवर आडवा पट्टा उमटतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही.

म्हणून गिऱ्हाईक सांगायचं, ‘काका, हाच लॉट बाजूला ठेवा.’ काका दहा गुंडे पिशवीत भरायचे, चिठ्ठीवर आडनाव आणि पुढे ‘मरून’ असं लिहून टाचणी लावायचे. चार गुंड्यांचे पैसे आज. पुढचे पाठ विणून झाल्यावर, किंवा पगार झाल्यावर. लेबल न काढलेले गुंडे उरलेच तर संक्रांतीनंतर परत, त्याचे पैसे तरी मिळायचे नाहीतर तेवढ्या किमतीची बटणं.

ही सोय फुकट नव्हती, तिचा भार दुकानदार उचलायचा. विणायच्या लोकरीचा धंदा नवरात्रापासून संक्रांतीपर्यंतचा. एकेका जातीच्या लोकरीत पुष्कळ रंग ठेवावे लागतात, आणि प्रत्येक रंगाचे एका लॉटमधले निदान एका स्वेटरपुरते गुंडे लागतात. चिठ्ठी लावून पडलेली प्रत्येक पिशवी म्हणजे अडकलेला पैसा. उरलेलं वर्ष हेच दुकान फॉल-पिको, अस्तर, लेस, बटणं आणि भरतकामाचे दोरे यांवर चालायचं. लोकरीत फार सुटत नाही हे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी दसऱ्याच्या आधी नवा माल भरला जायचा.

घरपोच मागवलेल्या लोकरीत हे होत नाही. सगळी एकदम घ्यावी लागते. कमी पडली तर पुढच्या पार्सलात तोच लॉट येईल याची खात्री नसते. म्हणून बायका जास्तीची मागवतात आणि उरलेली कपाटात पडून राहते.

*

दुकानाची पायरी.

ट्यूबलाइटखाली बाटलीहिरवा आणि काळा, गडद निळा आणि जांभळा यांत हमखास फसगत होते. चांगला दुकानदार गुंडा हातात देऊन स्वतःच म्हणायचा, ‘बाहेर उजेडात बघून या.’ पैसे न देता त्याचा माल घेऊन आपण पायरी उतरायचो.

*

लडी. पूर्वी लोकर लडीत यायची. घरातल्या एखाद्या मुलाला दोन्ही हात पुढे करून बसवायचं, हातांवर लडी चढवायची आणि समोर बसून गुंडा करायचा. गुंडा सैल हवा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो. आता लोकर गुंडाळूनच येते. मुलांचे हात मोकळे झाले, आणि अर्ध्या तासाच्या गप्पाही गेल्या.

*

औंस. वजनं-मापं मेट्रिक होऊन सहा दशकं उलटली. तरी म्हाताऱ्या बायका ‘बाळाच्या स्वेटरला चार औंस’ म्हणतात आणि जुना दुकानदार काही न विचारता शंभर ग्रॅमच्या थोडं वर काढून देतो. हा व्यवहार समजणारे दोघेही आता थोडे राहिलेत.

*

सुयांचे नंबर.

आपल्याकडे विणायच्या सुयांना ब्रिटिश नंबर चालत आले. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १४ नंबरची २ मिलिमीटरची. अमेरिकी नंबर उलट्या बाजूनं चढतात. फोर प्लाय लोकरीला अंग दहावर आणि बॉर्डर बारावर, हे आमच्या आयांना विचारावं लागत नसे. आता बाजारात येणाऱ्या बऱ्याच सुयांवर, विशेषतः गोल सुयांवर, नुसते मिलिमीटर असतात. घरातल्या जुन्या वहीत ‘१० नं.’ लिहिलेलं असतं आणि नातीला त्याचा अर्थ लागत नाही. दुकानात गल्ल्यापाशी भोकांची एक पट्टी टांगलेली असायची. बिनआकड्याची सुई घेऊन गेलं की काका ती एकेका भोकात घालून बघायचे आणि नंबर सांगायचे.

ज्यांच्याकडे अशी वही आहे त्यांनी शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेवावं: ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन, १४ म्हणजे २.

*

खरी लोकर.

महाराष्ट्रात मेंढरं थोडी नाहीत. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ. दोन सुयांवर तिचा मऊ स्वेटर होत नाही. तिची घोंगडी होते. धनगर ती कातरतात, घरातल्या बायका सूत काढतात, सनगर खड्ड्यातल्या मागावर विणतात आणि वर चिंचोक्याची खळ देतात. घोंगडीही या यादीत यायला हवी, पण तिची गोष्ट मोठी आहे आणि तिला वेगळं लिहिणारं कुणी हवं. इथे एवढंच नोंदवते की विणायची लोकर आपल्याला नेहमी उत्तरेकडून आणावी लागली. म्हणून दुकान लागलं.

कानपूरची लाल इमली १८७६ सालची, पंजाबातली धारीवालची गिरणी १८८० सालची. साठी-सत्तरीतल्या बायकांशी बोलताना ही नावं अजून ऐकू येतात. पुढे लुधियानाचं राज्य सुरू झालं. ओसवाल १९४९ सालची, तिच्या पाठोपाठ वर्धमान. मग अ‍ॅक्रिलिक आलं. कॅशमिलॉन हे एका जपानी कंपनीच्या धाग्याचं नाव, पण आपल्याकडे ते सगळ्याच अ‍ॅक्रिलिकला चिकटलं. स्वस्त, हलकं, टोचत नाही, कसर लागत नाही, रंग चकचकीत. बाळाच्या कपड्यांना ते बरं, हे मी मान्य करते. पण अ‍ॅक्रिलिकला खऱ्या लोकरीसारखी ऊब नाही, आणि एकदा गरम इस्त्री लागली की ते लोळागोळा होतं, पुन्हा उठत नाही.

लोकर खरी की खोटी हे दुकानात जाळून दाखवत. दोन बोटं लांब धागा, काडेपेटीची एक काडी. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. लेबलवर काहीही छापलेलं असो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काडी ओढणारा माणूस खोटा माल विकू शकत नाही.

*

उसवणं.

मोठ्याचा स्वेटर धाकट्याला, धाकट्याचा उसवून बिनबाह्यांचा, त्यातून उरलेल्याची कानटोपी. उसवायला शिवण शोधावी लागते, चुकीच्या बाजूनं कात्री लावली की धागा तुटतो. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल दोरा बांधायचा, कोमट पाण्यातून काढून खाली काहीतरी वजन अडकवून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत ती सरळ होते. खरी लोकर असेल तर दोनदा-तीनदा हे सोसते. विरलेल्या लोकरीला तिच्याच जातीचा बारीक धागा जोड म्हणून लावायचे, आणि तो रंग दुकानात शोधायला उसवलेल्या लोकरीचा तुकडा पाकिटात घालून न्यायचे.

आता दुकानात तुकडा घेऊन कुणी जात नाही. तयार स्वेटर लोकरीपेक्षा स्वस्त मिळतो, मग उसवून काय मिळवायचं. हा हिशोब मला कळतो. पण एका लोकरीत तीन मुलांचे हिवाळे जायचे, तो हिशोबही कुणीतरी मांडायला हवा.

*

दुधाच्या भांड्यावरची क्रोशाची जाळी, कडेनं मणी लावलेली. रेडिओचं पांघरूण. टीव्हीवरचा रुमाल, टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमालाला जागा उरली नाही. रुखवतातला क्रोशाचा सप्तपदीचा पाट. गोव्यात वेदीवरच्या कापडाची जाळीदार कड. सुईच्या टोकाला लावायचं रबरी बूच. टाके धरून ठेवायची हातभर लांब सेफ्टी पिन. गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर.

*

वही.

दोनशे पानी, रेघी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. ‘१ ली सुई: २ सुलट, २ उलट, याप्रमाणे शेवटपर्यंत. २ री सुई: पहिला टाका न विणता उचलावा.’ पानाला टाचणीनं लावलेला विणलेला चौकोनी तुकडा. समासात ‘वन्संच्या निळ्या स्वेटरला घातली होती’ किंवा ‘टाके ६ च्या पटीत अधिक २’. मराठीत विणकामाची पुस्तकं निघाली, मासिकं हिवाळ्यात नमुने छापत आली, जुन्या पुस्तकांच्या पथारीवर ‘वुमन्स वीकली’चे अंक मिळायचे आणि इंग्रजी फारसं न येणाऱ्या बायकाही त्यातली आखूड अक्षरं लावून घ्यायच्या. पण खरं ज्ञान वहीत असायचं, कारण वहीतली वीण कुणीतरी विणून बघितलेली असायची. छापील नमुन्यात चूक असली तर ती वहीत दुरुस्त होऊन यायची. ‘७ व्या सुईत छापलंय तसं करू नये.’

वहीचा रस्ता दुकानातून जायचा. काकूंकडे गिऱ्हाइकांच्या दोन-तीन वह्या कायम पडलेल्या असत. एकीची वही दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि कुणाकडे काय आहे हे काकूंच्या डोक्यात. ‘मधमाश्यांची वीण हवी ना, ती शनिवारवाड्याजवळच्या वहिनींकडे आहे, गुरुवारी येतात त्या.’ गल्ल्याच्या काचेखाली विणीच्या पट्ट्या सारलेल्या असत. एखादी पट्टी आवडली की तिथेच उभ्यानं टाके मोजायचे.

वह्या रद्दीत जातात. आजी गेल्यावर कपाट रिकामं करताना सुया कुणीतरी ठेवून घेतं, वही नाही. कारण ती वाचता येत नाही.

आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आज आपल्यातल्या काही जणी स्वतःच्या विणी बसवतात, मापं काढतात, दोन-तीन आकारांत विणून बघतात, मराठीत स्वच्छ लिहितात आणि एका वेळच्या चहा-वड्याच्या पैशांत तो नमुना विकतात. तो एकीनं विकत घ्यायचा आणि फोटो काढून शंभर जणींना पाठवायचा, हे वहीसारखं नाही. वही फिरायची तेव्हा तिच्या बदल्यात दुसरी वही यायची. नमुना आवडला असेल तर पैसे देऊन घ्यावा, आणि विणून झालेल्या वस्तूबरोबर नमुना कुणाचा ते नाव सांगावं. पुढचा नमुना बसवायला तिला याच पैशांतून लोकर घ्यायची असते.

*

बाकडं.

गल्ल्याशेजारी भिंतीला लावलेलं, दोन माणसांचं. त्याच्यावर बसायला काही विकत घ्यावं लागत नसे. ‘काकू, टाका गळलाय.’ काकू हातातलं काम खाली ठेवायच्या, स्वेटर उलटा-सुलटा करून बघायच्या आणि क्रोशाच्या सुईनं चौदा ओळी खाली गेलेला टाका शिडी चढवत वर आणून सुईवर घालायच्या. लागायचं एक मिनिट. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्या अशा वेळी चौदा ओळी उसवतात, आणि पुष्कळ जणी तिथेच विणकाम सोडतात.

गळ्याचे टाके कसे उचलायचे, बाही बगलेत कशी बसवायची, शिवताना पट्टी का खेचली जाते, बटणांची घरं डाव्या बाजूला की उजव्या, हे सगळं त्या बाकड्यावर शिकवलं गेलं. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला दोन सुयांवर सुलट-उलट शिकवत, तिथून पुढचं शिक्षण या बाकड्यावर. काकूंना कुणी बाई म्हटलं नाही. फी नव्हती. लोकर मात्र इथूनच घ्यायची, असा अलिखित करार होता आणि बहुतेक जणी तो पाळायच्या.

आता हात हलताना दाखवणारे व्हिडिओ आहेत आणि ते फार चांगले आहेत. माझ्या माहितीतल्या कितीतरी मुली त्यांवरच शिकल्या. पण व्हिडिओला आपलं काम दाखवता येत नाही. आपला टाका घट्ट पडतोय हे त्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या हातातली सुई बघणारा माणूस लागतो, आणि तो माणूस दुकान चाललं तर तिथे असतो.

दुकानात जाऊन लोकर हातात घेऊन बघायची, काकूंना प्रमाण विचारायचं, रंग उजेडात पारखायचा, लेबलचा फोटो काढायचा आणि घरी येऊन दहा टक्के स्वस्त मागवायची, असं आता होतं. कुणाचीही ऐपत मी काढणार नाही. पण ते दहा टक्के काकूंनी आपल्याला दिलेल्या वेळाचे होते.

*

१९६२ सालची ऑलिव्ह हिरवी. चीनच्या युद्धात, आणि पुन्हा १९६५ आणि १९७१ मध्ये, घराघरांतून जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले गेले. त्या लोकरीचे उरलेले गुंडे पुष्कळ घरांतल्या ट्रंकांमध्ये वर्षानुवर्षं होते. त्या रंगाचं घरात काही विणायचं नाही, असा काही घरांत नेम होता.

*

बाळंतविडा.

झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, आणि त्यात लोकरीचा एक स्वेटर, टोपरं, मोज्यांची जोडी. पांढरा नाहीतर फिका पिवळा, कारण मुलगा की मुलगी ठाऊक नसायचं. सातव्या महिन्यापासून मावश्या-आत्या दुकानात यायला लागायच्या आणि दुकानदाराला सोसायटीतल्या सगळ्या डोहाळजेवणांची बातमी असायची. बाळाच्या मोज्याला अंगठ्याची बाजू नसते, जाळीत फीत ओवून घोट्याशी बांधायची. फीत सुटते, मोजा पडतो, घरभर एक-एक मोजा सापडतो. दोन्ही मोजे शेवटपर्यंत टिकलेलं बाळ मी पाहिलेलं नाही.

यादीतल्या सगळ्या वस्तूंमध्ये हीच अजून तग धरून आहे. बाळासाठी अजून हातानं विणलेलं हवं असतं. दुकानदारही हेच सांगतात: मोठ्यांचे स्वेटर थांबले, बाळांचे चालू आहेत. मऊ पांढरा गुंडा ठेवला तर तो खपतो.

*

‘येथे मशीनवर स्वेटर विणून मिळतील.’ वाड्याच्या दारावरची पत्र्याची पाटी. टेबलावर लांबट विणयंत्र, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, खर्र खर्र आवाज. कितीतरी घरांत याच यंत्रावर मुलांच्या फिया भरल्या गेल्या. शाळांचे स्वेटर कारखान्यातून यायला लागले आणि यंत्रं माळ्यावर गेली. पाट्या कधी उतरल्या हे कुणाला आठवत नाही.

*

तिबेटी लोकांचे तंबू. त्यांना लोकरीच्या दुकानाचा शत्रू समजणारे आहेत, मला ते बरोबर वाटत नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि देशातल्या अशा अनेक वसाहतींमधली कुटुंबं हिवाळ्याचे दोन-तीन महिने शहराशहरांत स्वेटर विकून वर्षाचा मोठा वाटा कमावतात. माल बहुतेक लुधियानाचा, यंत्रावरचा. पण विकणारं घरच असतं, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात पुष्कळदा विणकाम असतं. तीही विणणाऱ्यांतलीच. तयार स्वेटर घ्यायचाच असेल तर तिच्याकडून घ्यावा.

*

मजुरी.

हिचा हिशोब कधी झालाच नाही, म्हणून ती हरवली असंही म्हणता येत नाही. तरी एकदा मांडते.

फोर प्लाय लोकर, दहा नंबरच्या सुया. दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके आणि ३६ ओळी. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच धरली तर १४० टाके आणि २१६ ओळी, म्हणजे ३०,२४० टाके. पुढचा भाग तेवढाच. बगलेचे आणि गळ्याचे वजा करा, दोन बाह्या मिळवा, आकडा ८०,००० च्या आसपास येतो. सराईत हात साध्या विणीत मिनिटाला पंचवीस टाके घालतो असं धरलं तरी पन्नास तासांच्या वर लागतात. शिवण, गळपट्टी, बटणं वेगळी. वेलबुट्टीची वीण असेल तर दीडपट.

प्रदर्शनात टेबलावर ठेवलेला स्वेटर उचलून बाई विचारतात, ‘यात लोकर कितीची गेली?’ लोकरीचा आकडा सांगितला की त्यावर शंभर-दोनशे मिळवून भाव करतात. विणणारी गप्प बसते, कारण तिला घरातही कुणी तास विचारलेले नसतात. आता काही जणींनी किमतीच्या चिठ्ठीवर तास लिहायला सुरुवात केली आहे. ‘५४ तास.’ हे फार योग्य आहे आणि सगळ्यांनी करावं. आंध्रात नरसापूरच्या बायका कित्येक पिढ्या क्रोशाची लेस विणून परदेशी पाठवत आल्या, आणि १९८२ साली मारिया मीस यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं त्याचा गाभाच हा होता: घरात बसून केलेलं काम फावल्या वेळचं समजलं जातं आणि म्हणून त्याला दाम मिळत नाही.

*

अर्धवट स्वेटर.

दुकानात एका खोक्यात असे स्वेटर असत. पाठ झालेली, पुढचा भाग सुईवरच. कुणाचे डोळे गेले, कुणाचा हात मोडला, कुणी माणूसच गेलं. घरचे आणून द्यायचे, ‘कुणी पूर्ण करून देईल का?’ काकूंना माहीत असायचं की कुणाचा हात त्या हाताशी जुळतो. प्रत्येकीचा टाका वेगळ्या ताणाचा पडतो, सैल हाताचा स्वेटर घट्ट हातानं पूर्ण केला तर जोडावर तो आक्रसतो. म्हणून नुसती विणणारी शोधून चालत नसे, त्याच ताणाची शोधावी लागे. अशी माहिती कुठल्याही यादीत मिळणार नाही. काकूंनी पंचवीस-तीस वर्षं बायकांचे टाके बघितलेले असायचे.

*

नव्या मुलींचं.

क्रोशाचे ससे-हत्ती, किल्लीची साखळी, कधी न सुकणारी सूर्यफुलं, लॅपटॉपची पिशवी. लोकरीऐवजी सुती धागा, किंवा मऊ मिश्र धागा, ज्याला मिल्क कॉटन म्हणतात. साखळी, मुका खांब, खांब हेच टाके, पण आकार गोल आणि पोटात कापूस. काही जुन्या विणणाऱ्या याला खेळणी म्हणून नाकं मुरडतात. मला हे काम आवडतं. गोल विणताना दर फेरीत टाके नेमके वाढवणं सोपं नाही, आणि या मुली चुकलं की उसवतात, लपवत नाहीत.

ज्या दुकानदारांनी वेळीच हा धागा ठेवला, अर्ध्या फळ्या रिकाम्या करून सुती गुंडे लावले, खेळण्यांचे डोळे आणि भरायचा कापूस आणला, त्यांची दुकानं तगली आहेत. एका ठिकाणी काकांच्या सुनेनं शनिवारी दुपारी बाकड्याच्या जागी चार स्टुलं टाकली. तिथे विशीतल्या मुली आणि सत्तरीच्या आजी शेजारी बसतात. आजींना सुती धाग्याची खेळणी शिकायची असतात, आणि मुलींना बाही बगलेत कशी बसवायची ते.

प्रदर्शनात टेबल लावणाऱ्या मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. वस्तूच्या चिठ्ठीवर आपलं नाव आणि तास लिहिता, तसा धागा कोणत्या दुकानातून घेतला तेही लिहा, गल्लीसकट. काही जणी लिहायला लागल्या आहेत. अशी चिठ्ठी हातात धरून कुणी नवखं गिऱ्हाईक दुकानात येतं आणि आधी धाग्याचा भाव नाही विचारत. विचारतं, ‘हे शिकवता का इथे?’